एकविसातले दोघे

(शेवगाव तालुक्यातल्या एका खेड्यातलं कॅथॉलिक चर्च. रविवारी त्याला नव्वद वर्षं पुरी होणार. व्हरांड्यात दोघं बसलेली: तरुण धर्मगुरू फादर कल्याण आणि लुकस मास्तरांच्या पत्नी पुष्पावतीआजी.)

फादर : हसताय काय, आजी? पहिल्या दिवशी एकवीस जणांचा बाप्तिस्मा झाला. त्यातल्या एकोणीस जणांची घरं मी हुडकून काढली. हे योसेफ आणि फ्रान्सिस तेवढे कुठेच सापडत नाहीत.

पुष्पावती : कसे घावतील?

फादर : ऊसतोडीला जाऊन तिकडंच राहिले की काय?

पुष्पावती : न्हाई वं. बासष्ट वर्सं माझ्या हातच्या भाकरी खात हुते.

फादर : म्हणजे?

पुष्पावती : योसेफ बी आमचे मालकच, अन् फ्रान्सिस बी. लुकस तर हुतेच.

फादर : लुकस मास्तर? इथल्या चार पिढ्यांना धर्मशिक्षण दिलं त्यांनी!

पुष्पावती : तवा पाच वर्साचं पोर हुतं ते. जर्मन फादर घोड्यावरनं आल्ते. डोस्क्यावर पानी पडलं, नवं नाव मिळालं, की हातावर गुळाचा खडा. ह्यांनी गूळ खाल्ला, लिंबामागनं वळसा घातला अन् पुन्हा रांगंत शेवटी उभे.

फादर : कुणीच ओळखलं नाही?

पुष्पावती : उवा झाल्या म्हनून समद्या पोरांची डोस्की भादरल्याली. गोऱ्या मानसाला काय कळतंय? त्यांनी बापाचं नाव इचारलं, की पयल्यांदा बापाचं, मग थोरल्या चुलत्याचं, मग धाकल्याचं. घरात तिघंच भाऊ, म्हनून तिसऱ्यावर थांबले. न्हाईतर गूळ लई हुता.

फादर : अहो, बाप्तिस्मा माणसाला एकदाच मिळतो.

पुष्पावती : मग पयला मिळाला. बाकी नुस्ता गूळ.

फादर : तुम्हाला गंमत वाटतेय. चारला पाथरवट येतोय, रविवारी बिशपसाहेब ह्या एकवीस नावांची शिळा उघडणार. तिच्यावर खोटं कसं कोरू? ही दोन नावं खोडतो.

पुष्पावती : नगा खोडू, फादर.

फादर : का? मास्तरांचं नाव राहतंच आहे की.

पुष्पावती : तुमच्या त्या जुन्या वहीत लुकसच्या म्होरं काय लिवलंय?

फादर : बाप्तिस्मा, लग्न... आणि चार वर्षांपूर्वीचा मृत्यू.

पुष्पावती : अन् ह्या दोघांच्या म्होरं?

फादर : काही नाही. कोरंच आहे.

पुष्पावती : मंजी दोघं अजून जिती हायती. मालक गेल्यापासनं मला घर खायला उठतंय. लुकस गेले, मी मातीबी दिली. आता ह्या दोघांना कशाला मारताय?

फादर : ...आणि बिशपसाहेबांनी विचारलं, हे दोघे कुठे असतात म्हणून?

पुष्पावती : सांगा, भायेर गेल्यात. बायको वाट बघतीय.