दक्षिणेकडची मोकळी गच्ची

या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय चंद्रभानजी, व्यासपीठावर बसलेल्या भजनी मंडळाच्या प्रमुख सिंधूताई, आज आपण ज्यांना निरोप देतो आहोत त्या अरुंधतीताई, त्यांच्या आई गोपिकाकाकू, आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून मागे उभे राहिलेले माझे शेजारी, सर्वांना नमस्कार. मी दहावी शिकलेली बाई. सोसायटीचा जमाखर्च लिहिते, म्हणून भाषणही लिहीन असा तुमचा समज झाला असावा.

ही इमारत अरुंधतीताईंच्या हातची, हे नव्या भाडेकरूंना ठाऊक नसेल. नकाशा त्यांचा, आणि सर्वांत वरचा फ्लॅट त्यांनीच घेतला. आपल्या नंदनवन वस्तीत तेव्हा सोलर कोणाच्या गावीही नव्हतं. तरी ताईंनी पाण्याची टाकी आणि लिफ्टची खोली उत्तरेला सारली, दक्षिणेची गच्ची मोकळी ठेवली, तिथे सिमेंटचे ठोकळे बांधून घेतले आणि खाली मीटरच्या खोलीपर्यंत एक रिकामा पाइप सोडला. पुढेमागे सोलर आलं तर फोडाफोड नको, एवढाच हेतू. माझ्यासारख्या काटकसरी बाईला ते फार पटलं होतं.

मग आपण मंदिराचं काढलं. खाली फाटकाजवळ पार्किंगमध्ये जागा होती, पण देवाच्या डोक्यावर चार मजले माणसं चालणार, न्हाणीघरं येणार, ते कसं चालावं? म्हणून गच्ची. मारुतीराय दक्षिणमुखी, म्हणून दक्षिणेचं टोक. आणि मिस्त्री तर ते ठोकळे पाहून खूशच झाला. म्हणाला, बाई, अर्धा ओटा तयारच हाय.

ताई सभेत एकदाच बोलल्या, की ही जागा रिकामी दिसते, पण ती राखून ठेवलेली आहे. अध्यक्षसाहेब, तुम्ही रागावू नका, पण तुम्हीच विचारलं होतं, "थे सोलर कुठी हाय मॅडम? देव तं आजच येऊन राहिला." सगळे हसले. पुढे शिखराचं वजन स्लॅबला झेपावं म्हणून मंदिराचा नकाशाही त्यांनीच करून दिला. प्राणप्रतिष्ठेला काकूंनी पुरण वाटलं, ते आठवतं ना?

गेल्या वर्षापासून काकूंना ऑक्सिजनचं मशीन लागतं. मे असो की डिसेंबर, आपल्याकडे लाइट किती वेळा जाते, मी काय सांगू? इन्व्हर्टर दमला की ताई सिलिंडर जोडायला धावतात. शेवटी सोसायटीने बॅटरीवालं सोलर बघायचं ठरवलं. कंपनीचा विक्की आला, मोजमाप घेतलं आणि म्हणाला, थंडीत सूर्य दक्षिणेकडून खालून चालतो, शिखराची आणि मंडपाची सावली दिवसभर सगळ्या मोकळ्या जागेवर पडेल. वर म्हणतो, "मारुतीनं लहानपणी सूर्य गिळाले उडी मारली होती, इथं तं बसल्या बसल्याच गिळला." पुन्हा सगळे हसले. ताई हसल्या नाहीत.

मंडपाच्या टिनावर पॅनल बसवू म्हटलं, तर ते धुवायला माणूस देवाच्या डोक्यावर चढणार. ज्यासाठी मंदिर वर नेलं, तेच पुन्हा. गुरुजींना विचारलं. विधी करून मूर्ती हलवता येते म्हणाले, पण संकल्प कोणीतरी आपल्या नावाने सोडायला हवा. सभेत चंद्रभानजींनी विचारलं, कोण सोडतं? एकही हात वर झाला नाही. सिंधूताई एवढंच म्हणाल्या, "उद्या त्याच्याच घरी कोणी बिमार पडलं तं?" जिच्या घरी आधीच कोणी बिमार होतं, ती बाई दाराजवळ उभी होती. मीही माझा हात मांडीवरच ठेवला. माझी नातवंडं डोळ्यांसमोर आली. आजही सभा घ्या, हात तिथेच राहील.

तर ताई आता आईला घेऊन मनीषनगरला जात आहेत. दुसऱ्या कोणी बांधलेल्या इमारतीत. तिथे गच्चीवर सोलर आहे.

गेल्या शनिवारी काकू म्हणाल्या, मले एकडाव वर न्या. लिफ्ट गच्चीपर्यंत जात नाही. चौघांनी खुर्चीसकट उचललं, लहान सिलिंडर मी धरला. काकूंनी रुईच्या पानांची माळ घातली, तेल वाहिलं. मला राहवलं नाही. म्हटलं, काकू, देवावर राग धरू नका. त्या श्वास घ्यायला थांबल्या आणि म्हणाल्या,

"त्याच्यावर काहून रागावू वं? थो काय करन बिचारा. तुम्ही बसवलं तिथं बसला."

उतरताना सिलिंडर पुन्हा मीच धरला.

ताई, तुमचे उपकार मोठे. अध्यक्षांनी बोलू दिलं, तुम्ही सर्वांनी ऐकून घेतलं, आभारी आहे. ताई, तुमची माफी मागायची असं घरून ठरवून आले होते. पण माफी मागायची तर देवाला तिथे बसवलं ते चुकलं असं म्हणावं लागेल, आणि ते माझ्या तोंडून निघत नाही. तेवढं सोडून माझ्या बोलण्यात जे काही उणंअधिक झालं असेल, ते पदरात घ्या.