थुंकायचं नाही, गिळायचं

…आणि गिळायचं म्हणे! नाही, तुम्हीच सांगा, ज्या गोष्टीचा एक थेंब माणसाने नोकरीला लागल्यापासून घशाखाली उतरू दिला नाही, ती गोष्ट सकाळी उठल्याउठल्या, अनशापोटी, पेला भरून… थुंकायचं नाही, गिळायचं! ऐकलं आणि मला दरदरून घाम फुटला. तुम्ही हसताय. हसा. मी कामाला काय आहे ते तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून हसताय.

तुम्हाला सांगतो, मी डेअरीत तूप चाखतो. हो, पगारी. लोकांना वाटतं मज्जाच मजा, "वा बुवा, दिवसभर तूप खायचं!" अहो खायचं नाही, चाखायचं! इथेच सगळ्यांची गल्लत होते. प्रत्येक कढईतून एकेक चमचा कोमट तूप समोर येतं, ते आधी नाकाशी धरायचं, मग जिभेवर घ्यायचं, टाळूला लावायचं, डोळे मिटायचे आणि शेजारच्या भांड्यात थुंकायचं. मग चूळ. मग पुढचा चमचा. करपट, खवट, कच्चट, धुरकट… मी मान हलवली की पास, आणि हात आडवा केला की अख्खी कढई बाद, तिथे साहेबसुद्धा तोंड उघडत नाहीत. माझं घर या जिभेवर चालतं हो. ही बिघडली तर मला दुसरं येतं काय? काही म्हणता काही येत नाही.

आता झालं असं, की चमचे मांडायचं टेबल आहे बुटकं. त्याच्यावर वाकून वाकून माझी पाठ एक दिवस वाकली ती वाकलीच. तसाच कमरेत दुमडलेला साहेबांच्या खोलीत गेलो, तर साहेबांना वाटलं माझं काहीतरी खाली पडलंय, तेही वाकून शोधायला लागले. बराच वेळ आम्ही दोघं टेबलाखाली! शेवटी त्यांनीच विचारलं, "काय हरवलंय?" म्हटलं, "पाठ." ते म्हणाले रजा घ्या, बरे होऊन या.

घरी आलो तर बायको म्हणाली, "दादाला दाखवू." दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, वैद्य आहे. आता बायकोच्या थोरल्या भावाला नाही म्हणायची सोय असते का कुठे? आणि दादांचा आवाज… काय सांगू, इतका मऊ, की हा माणूस तुमचा पाय कापायला निघाला तरी तुम्ही मांडी पुढे कराल. त्यांनी नाडी पाहिली, पाठीवरून बोटं फिरवली आणि म्हणाले, आत सगळा कोरडेपणा आहे, आधी आतून तेलपाणी व्हायला हवं, मग बाहेरून. रोज सकाळी औषधी तूप, रोज थोडं वाढवत. म्हटलं, किती दिवस?

"किळस येईपर्यंत."

मी म्हटलं, कशाची किळस? तर म्हणे तुपाची. तूप नुसतं दिसलं तरी नकोसं वाटलं, की समजायचं अंगात पुरेसं मुरलं, मग थांबायचं. अहो, हे म्हणजे गवयाला सांगायचं, सुरांचा तिटकारा येईपर्यंत गा! मला तुपाची किळस? मग डेअरीत मी काय करू, भिंती बघत बसू? मी विचारलं, "दादा, ही किळस नंतर जाते ना?" तर मऊ आवाजात म्हणाले, "जाते की. बहुतेकांची जाते."

बहुतेकांची! ऐकलंत?

पहिल्या सकाळी दवाखान्यात गेलो. स्वच्छ खोली, लाकडी बाक, शेगडीवर भांडं. बायको सोबत, कारण मी पळून जाईन असा तिला संशय. दादांनी पेला हातात दिला, मी सवयीने आधी नाकाशी धरला, घोट घेतला, टाळूला लावला, डोळे मिटले आणि बेसिनमध्ये पचकन थुंकलो, आणि म्हणालो, "बेरी करपलीय, वर काहीतरी कडूजहर पडलंय, कढई बाद!" आणि हात आडवा केला. डोळे उघडून बघतो तर बाकावरचे रुग्ण गार, बायकोने पदरात तोंड लपवलेलं, आणि दादा… पहिल्यांदाच त्यांचा आवाज जरा कडक झाला. "भाऊजी, ते औषध आहे, कडूच असतं. थुंकायचं नाही, गिळायचं."

गिळलं. तुम्हाला सांगतो, माझ्या घशालाच कळेना हे काय चाललंय. इतकी वर्षं त्याला शिकवलं होतं की तूप आलं की दार बंद! त्या बिचाऱ्याने दार लावून घेतलं, मी वरून लोटतोय, तो खालून परत पाठवतोय… शेवटी गेलं एकदाचं. त्यावर काय, तर नुसतं गरम पाणी. भूक लागेपर्यंत अन्न नाही, दिवसा झोप नाही, चिडायचं नाही, आणि… ऐका हं… कमी बोलायचं. मी! कमी! बायकोचा चेहरा असा खुलला, मला वाटतं तिने पाठीसाठी नाही, याच्यासाठी आणलं होतं मला तिथे.

आणि दुसऱ्या-तिसऱ्या सकाळीच आली हो! कोण काय? किळस! पेला दुरून दिसला आणि मी नाक दाबून घेतलं… आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? सांगून टाकलं असतं, दादा, आली, थांबवा. दादांनी विचारलंही, "तूप बघून काय वाटतंय?" आणि मी… काय झालं मला कोण जाणे… छाती काढून म्हणालो, "उत्तम! रवाळ! सुवासिक!"

तूप नको, हे शब्द माझ्या तोंडून निघेनात! मला भीती वाटत होती. खरंच सांगतो, मनातून घाबरलो होतो मी. मला वाटलं, मी बोललो नाही तर ती किळस खरी होणारच नाही, आत शिरली तशी निघून जाईल. आणि एकदा बोललो, की संपलं. तूप चाखणारा तूप नको म्हणाला, तर मग माझ्यात उरतं काय? एक वाकडी पाठ!

दादा म्हणाले, अजून येत नाही ना, मग वाढवू. दुसऱ्या दिवशी पेला मोठा. "काय वाटतंय?" "उत्तम!" वाढवा. "काय वाटतंय?" "लाजवाब!" वाढवा! दादा तर चकित, बाकीच्या रुग्णांना मला दाखवायला लागले, "हे आमचे भाऊजी, असा पचवणारा मी आजवर पाहिला नाही." बायको फोनवरून साऱ्या माहेराला कौतुक सांगतेय. आणि मी इकडे… चष्मा नाकावर ठरेना, सुळकन खाली. दाराची मूठ हातात धरवेना. अंगाला टेकवलेली उशी आपोआप पुढे सरकायची. आरशात बघितलं तर चेहरा असा चकचकीत, की मला मीच ओळखू येईना. तरी रोज सकाळी थुंकायचं नाही, गिळायचं!

मग एक सकाळ अशी आली, की पेला गेला आणि तांब्या आला. दादांनी विचारलं, "काय वाटतंय?" मी तोंड उघडलं, उत्तममधला 'उ' निघाला आणि पुढचं काही येईना. रडलो हो मी. भरल्या दवाखान्यात, बाकावरच्या माणसांसमोर, घरातलं कोणी गेल्यासारखा रडलो. बायको धावत आली, माझा हात धरायला गेली, तर तोही तिच्या हातातून सटकला.

दादांनी तांब्या खाली ठेवला. "भाऊजी, किळस कधीपासून येतेय?"

म्हटलं, "जवळजवळ पहिल्यापासून."

दादा नुसते माझ्याकडे आणि रिकाम्या होत आलेल्या तुपाच्या बरणीकडे आळीपाळीने बघत राहिले.

पुढचं मी थोडक्यात सांगतो, कारण तुमच्यात बायाबापड्या आहेत. तेल चोळलं, वाफ दिली, मग पोट साफ व्हायचं औषध दिलं. तो दिवस मी कसा काढला ते मला विचारू नका, आमच्या शेजाऱ्यांनाही विचारू नका. पण पाठ! पाठ मात्र सरळ झाली हो! खोटं कशाला बोलू? वेतासारखी! वाकतोय, उठतोय, वळतोय… बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं, दादांनी पाठ थोपटली, मी ताठ मानेने कामावर हजर.

साहेब खूश. टेबलही उंच करून घेतलं होतं बिचाऱ्यांनी. पहिला चमचा आला, नाकाशी धरला… हात आडवा. बाद. दुसरा, बाद. तिसरा तर मी नाकापर्यंतही नेला नाही, दुरूनच बाद. सकाळच्या सगळ्या कढया बाद! डेअरीत पळापळ, भट्टीवाला विस्तव विझवतोय, दूधवाल्याला फोन, साहेब पांढरेफटक. शेवटी माझ्या रजेत नवीन लागलेल्या बाईंनी चाखून बघितलं. डोळे मिटले, थुंकल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "साहेब, सगळं उत्तम आहे."

सगळ्यांना माझ्याकडे बघायची लाज वाटत होती, आणि मला त्यांच्याकडे. साहेब माणूस भला. म्हणाले, जिभेला थोडी विश्रांती द्या, तोवर इथलं या बाई बघतील. मग मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "पाठ मात्र छान झालीय तुमची."

गोदामात पाठवलं! तुपाचे डबे उचलायला! बंद डबे असतात, वास येत नाही, म्हणून माझी सोय केली म्हणे! उचल, रच, उतरव, परत उचल… आणि परवा एक डबा उचलायला वाकलो तो… हो. बरोब्बर. तसाच राहिलो.

बायकोने सरळ दादांकडे नेलं. दादांनी नाडी पाहिली, पाठीवरून बोटं फिरवली, शेगडी पेटवली. म्हणाले, पुन्हा सगळं पहिल्यापासून करावं लागेल. म्हटलं, किती दिवस? ते म्हणाले, किळस येईपर्यंत. मी दोन्ही हात जोडले. म्हटलं, "दादा, ती मी घरूनच घेऊन आलोय हो. गेलीच नाही ती. मग आज पेल्याची काय गरज? आजच थांबवू की!"

दादा पेल्यात तूप ओतत होते. अगदी मऊ आवाजात म्हणाले, "ती मागची, भाऊजी. आता नवी यायला हवी."

…बसलोय आता. वाट बघत.