धर्मबापाची मेणबत्ती

विश्वास कुणावर ठेवायचा, हे तुम्ही मला विचारता, वकीलबाई? मीच तुम्हाला विचारतो – तुम्ही कुणावर ठेवाल? ज्यानं जन्मात कुणाला नाही म्हटलं नाही त्याच्यावर, की जो तोंडावर नाही म्हणून मोकळा होतो त्याच्यावर? – थांबा, उत्तर द्यायची घाई नको, आधी बसा. ती खुर्ची नको हो, ती डुगडुगते, ती करखात्याच्या माणसांसाठी ठेवलीय. या इकडं बसा. कॉफी सांगितलीय समोरच्या दुकानात, दूध मात्र मिळणार नाही, ईस्टरआधीचा उपासाचा आठवडा आहे – तुम्ही उपास करता ना? नाही? बरं, हे माझ्यापुढं बोललात ते ठीक, माझ्या बायकोपुढं, दोमनापुढं बोलू नका, तिचं मत गेलंच म्हणून समजा. तर तुम्ही म्हणत होतात की वरच्या तीन गावांत फिरून आलात, सगळ्यांनी बसवलं, खाऊ घातलं, आणि मतांचं नाव काढलं की सगळे हवापाण्यावर बोलायला लागले. असंच होणार. आमच्या डोंगरात माणूस तुम्हाला उपाशी पाठवणार नाही, पण तुमच्या पक्षाला पुन्हा निवडूनही देणार नाही. आणि कारण विचाराल तर पोटात ठेवून वरवर हसेल. मी मात्र सांगतो. मी मेणबत्त्या विकणारा व्यापारी माणूस, मला गिऱ्हाइकाशी खरं बोलायची वाईट सवय आहे, म्हणून तर अजून याच गल्लीत आहे.

तुमचे जुने खासदार, ज्यांच्या जागी तुम्ही उभ्या आहात ते पेरिक्लिस दालामारास – देव त्यांना उदंड आयुष्य देवो, अथेन्समध्ये गुडघे धरून बसलेत म्हणे आता – माणूस लाखातला. खोटं नाही. त्यांच्यात एकच खोड होती, त्यांना नाही म्हणता येत नसे. कुणाला रस्ता हवा? होईल. कुणाच्या पोराला वीज कंपनीत चिकटवायचं? झालं समजा. आणि कुणाच्या लेकराला धर्मबाप हवा? ते तर हात पुसत पुढं. तुम्ही शहरातल्या, तुमच्याकडं धर्मबाप म्हणजे फोटोत उभा राहणारा माणूस. आमच्याकडं तसं नाही बाई. धर्मबाप लेकराला अंगभर तेल चोळतो, पाण्यातून काढलेलं हातांवर झेलतो, पाद्रीबाबांपुढं त्याचं नाव उच्चारतो, ते नाव मग आयुष्याचं. आणि पुढं लेकरू मोठं होईपर्यंत दर ईस्टरला त्याला नवे बूट आणि सजवलेली मेणबत्ती पाठवायची. तीच मेणबत्ती हातात धरून ते लेकरू पुनरुत्थानाच्या रात्री देवळाच्या पायऱ्यांवर उभं राहतं. आता एका घराचा धर्मबाप झालात की ते घर तुमचं – आजोबापासून चुलत मेहुण्यापर्यंत सगळी मतं तुमची. हे सगळेच पुढारी करत आलेत, त्यात काही पाप नाही. पण करायची एक रीत असते.

विरोधी पक्षाचे खासदार बघा. तो माणूस कंजूष, खडूस, लग्नात चिमूटभर तांदूळ फेकतानाही बोटं आखडणारा – पण अक्कल अशी की सगळ्या खोऱ्यात त्यानं धर्मलेकरं म्हणून फक्त मुलगे घेतले. एकही मुलगी नाही. लोक म्हणायचे, बघा कसा आहे, पोरींना हात लावत नाही. अहो, त्याला माहीत होतं! एका हातानं ज्यांना तेल लागलं ती सगळी भावंडं. एका तेलातली भावंडं. आणि भावाबहिणीचं लग्न होत नाही. – हसू नका. पाद्रीबाबाही हसतात, म्हणतात, प्रोद्रोमोस, हे कुठल्याही नियमात लिहिलेलं नाही, ही म्हाताऱ्यांची समजूत. असेल. पण लग्न नियमपुस्तकाशी करायचं असतं का? लग्न म्हाताऱ्यांच्या घरात करायचं असतं. आणि तुमचे पेरिक्लिस? मुलगा, मुलगी, जुळी, तिळी – जे पुढं केलं ते त्यांनी तेलात घोळलं. एका रविवारी सकाळी दोन गावांत दोन बाप्तिस्मे उरकले, आणि घाईत दुसऱ्या पोरीला पहिल्या पोरीचं नाव देऊन मोकळे झाले! आमच्या पोस्टमनची मुलगी – कलिओपी व्हायची होती, आजीचं नाव – झाली अस्पासिया. देवळात एकदा नाव उच्चारलं ते उच्चारलं. आजी मरेपर्यंत त्या पोरीला ‘ए, तू’ म्हणायची. त्या घराची मतं? तुम्हीच समजून घ्या.

घ्या, कॉफी आली. साखर आहे आत, ढवळू नका, गाळ वर येतो.

तर अशी दहा-पंधरा वर्षं गेली. पोरं लहान होती तोवर कुणाला काही वाटलं नाही. दर ईस्टरला फिरोजी रिबीन बांधलेल्या मेणबत्त्यांची खोकी यायची – माझ्याच दुकानातून जायची, का खोटं बोलू – आणि पुनरुत्थानाच्या रात्री पायऱ्यांवर बघावं तर सगळीकडं फिरोजी, फिरोजी. मग साहेब मंत्री झाले. आणि त्या ईस्टरला खोकी आलीच नाहीत. मी फोन केला, कचेरी म्हणाली, पाठवल्यात. पुन्हा केला, म्हणाले, पोचल्यात. मी म्हटलं, अहो, माझ्या दुकानातून जातात, त्या मला चुकवून कशा पोचतील? फोन ठेवला त्यांनी. आणि त्या रात्री बाई, इवलीइवली पोरं नवे कपडे घालून रिकाम्या हातानं उभी राहिली. कुणाच्या आईनं घाईघाईत स्वतःची अर्धी मेणबत्ती मोडून दिली. पुढं तुम्ही लोकांनी कर वाढवले – आम्ही सोसले. दवाखाना हलवला – शिव्या दिल्या आणि सोसलं. पण ती रात्र आमच्या बायका विसरल्या नाहीत. आणि मग पोरं लग्नाची झाली! मग एकेका घरात भांडी आदळायला लागली – याला ती आवडली, तिला हा आवडला, आणि दोघं पेरिक्लिसची! भाऊ-बहीण! अख्खं खोरं एका खासदाराच्या पोटचं झालेलं. तुमचे मतदार कुठं गेले म्हणून विचारता ना? अर्धे रागावून घरात बसले, आणि अर्ध्यांची पोरं लग्न करायला जर्मनीत, श्टुटगार्टला गेली. तिकडं कोण विचारतं तेल कुणाचं म्हणून?

म्हणून म्हणतो, तुम्ही दुकानात शिरलात, म्हणालात ‘पक्षानं ठरवलंय, जुनी नाती पुन्हा जोडायची, साहेबांच्या प्रत्येक धर्मलेकराला या ईस्टरला मेणबत्ती द्यायची’ – तेव्हा मला कसं झालं असेल? कल्पना वाईट आहे असं नाही, वाईट म्हणजे – वाईटच आहे. कुणी काढली? श्टुटगार्टच्या लोकांनी तरी नसेल. अहो, ती लेकरं आता दाढी करतात! आमचा स्तेर्गिओस, बेकरीवाला, त्याला तुम्ही रिबिनीची मेणबत्ती देणार? मग बूटही द्या, पंचेचाळीस नंबरचा पाय आहे त्याचा. लोक म्हणतील, बघा, एवढ्या वर्षांनी मेणबत्ती पोचली, आता रस्ताही पोचेल आमची नातवंडं म्हातारी होईस्तोवर. मी तुम्हाला ही ऑर्डर देऊ नका म्हणतोय – कळतंय का, कोण म्हणतंय? ज्याचं पोट मेणबत्त्यांवर चालतं तो म्हणतोय. वर्षातली सगळ्यात मोठी ऑर्डर पायानं ढकलतोय. दोमनाला कळलं तर आज माझाच बाप्तिस्मा होईल.

काय म्हणालात? माझा काय फायदा? – वा, वकीलबाई. खऱ्या वकील आहात. – काही नाही. म्हणजे फायदा असा नाही. मी आपला पक्षाच्या भल्यासाठी – बरं, बरं, असं बघू नका. सांगतो.

माझी मुलगी ख्रिसानथी आहे ना, मघाशी दारात भेटली ती – हो, तीच, हसरी – ती पण पेरिक्लिसचीच धर्मलेक. आणि स्तेर्गिओसही. झालं ना? सहा वर्षं चाललंय दोघांचं. सकाळी पाव द्यायला येतो तो, एक पाव द्यायला एवढा वेळ लागतो की बाकीचं गाव शिळं खातं. आम्हाला चालतं. पाद्रीबाबांना चालतं. पण त्या पोराला वाढवलं त्याच्या आजीनं, स्मारोनं, आईबाप नाहीत त्याला, आणि स्मारोची हरकत ओलांडून तो काही करणार नाही. आणि ही तीच स्मारो बरं का, जिनं स्वतःच्या सख्ख्या नातीचं, स्तेर्गिओसच्याच बहिणीचं, जमलेलं लग्न मोडलं – एका तेलातली म्हणून. ती पोर गेली श्टुटगार्टला, आता ईस्टरला फोनवर पाळणा दाखवते. फोन बंद झाला तरी म्हातारी तो हातात धरून बसते. आणि या थंडीत काय झालं माहीत नाही – स्मारो विसरायला लागली. स्तेर्गिओसचा धर्मबाप कोण? ‘होता कुणीतरी वरच्या गावचा,’ म्हणते. ख्रिसानथीचा? ‘मला काय ठाऊक, त्या मेणबत्तीवाल्याला विचारा.’ आता ती खरंच विसरली की तिनं विसरायचं ठरवलं, हे मी विचारणार नाही, तुम्हीही विचारू नका. गेल्या आठवड्यात तिनं स्वतः फोन केला. दोमनाला म्हणाली, ईस्टरच्या रविवारी कोकरू आमच्या अंगणात भाजू, सगळे या, पोरीलाही आणा. पोरीलाही आणा! दोमना फोन ठेवून रडली. असं बोलावणं सहा वर्षांत पहिल्यांदा. नाहीतर ख्रिसानथीनं आम्हाला सांगूनच ठेवलं होतं – बाबा, उन्हाळ्यापर्यंत वाट बघते, मग आम्ही दोघं जर्मनीला. मग हे दुकान, ही मी ढकललेली ऑर्डर – कुणासाठी?

आता विचार करा. शनिवारी दुपारी तुमची गाडी थांबते. स्मारो दारात बसलेली. एक फिरोजी मेणबत्ती तिच्या घरात. समोरच एक माझ्या घरात. डोळे शाबूत आहेत हो तिचे. मग तिला आठवावंच लागेल. विसरायला माणसाला केवढा काळ लागतो आणि आठवायला एक रिबीन पुरते. – आणि ती एकटी नाही. असं अंगण खोऱ्यात दर चौथ्या घरी आहे. लोक हळूहळू तुमच्या साहेबांना विसरून एकमेकांना मुली द्यायला लागलेत, आणि तुम्ही निघालात आठवण द्यायला!

अं? – ऑर्डर द्यायची नव्हतीच? मग? – मेणबत्त्या गाडीत आहेत? थेस्सालोनिकीहून आणल्यात? आणि माझ्याकडं फक्त रिबीन हवी होती, कमी पडली म्हणून?

अरे देवा. आणि मी मघापासून कॉफी पाजतोय.

बरं. बरं, ऐका. दोन घरं वगळा. बेकरी आणि हे. तेवढंच. कुणाला कळणार नाही – नाही, नाही, थांबा, कळेल. अख्ख्या गल्लीला मिळाली आणि यांनाच का नाही, म्हणून स्मारोच पहिली विचारेल. मग असं करा – हनुवटी वर करून नाही म्हणू नका हो, पुरतं ऐकून तरी घ्या! माझ्यासाठी काही वेगळं करणार नाही, असं? मेहेरबानी बंद, सगळ्यांना एकच नियम, हे चौकातल्या भाषणात म्हणालात, मी टाळ्याही वाजवल्या. मी काय मेहेरबानी मागतोय? – हो, मागतोय. मागतोय की. पेरिक्लिस असते तर आत्तापर्यंत ‘झालं समजा’ म्हणून माझ्या पाठीवर थाप मारून गेले असते. आणि शनिवारी गाडी आलीच असती. मला माहितीय ना.

तुम्ही मात्र नाही म्हणालात. तोंडावर. माझ्याच खुर्चीत बसून, माझीच कॉफी पिऊन.

…काय? दोन नाही, तर? – एकही नाही? सगळ्याच परत? गाडीतल्या सगळ्या? नियम सगळ्यांना एकच म्हणून?

नाही, मला काही झालं नाही. धूर गेला डोळ्यात. कसला धूर, मेणबत्त्यांचा, दुसरा कसला – पेटलेली एकही नाही म्हणता? तुमचं लक्ष फार बारीक आहे. पण तुम्हाला वर काय म्हणतील? पक्षाच्या कचेरीत? एवढा खर्च, एवढा गाजावाजा – हं. असं करू नका की हळूच लिहून टाकलं ‘वाटल्या, लोक खूश, डोळ्यांत पाणी’. तुमच्याकडं तशी सवय आहे, मला फोनवर ऐकू आलेली. तेवढं नका करू बाई, ‘वाटल्या नाहीत’ असंच लिहा. नुकसान होईल ते तुमचं होईल, कबूल, पुढच्या वेळी तिकीटही कदाचित देणार नाहीत – पण आमच्या खोऱ्यात तुमच्या पक्षाकडून खरा निघालेला पहिला शब्द असेल तो, आणि तो आम्ही वाचणारही नाही. तरी असू दे.

चला, उठा आता, पाव यायची वेळ झाली, आणि ख्रिसानथीला यातलं काही कळायला नको. रिबिनीचं रीळ इथंच राहू द्या. दार जरा ओढून घ्या, घासतं ते. आणि हो – माझ्या घरची तीन मतं मिळाली म्हणून आत्ताच कुठं मांडू नका. मी अजून दिलेली नाहीत. मी फक्त कॉफी पाजली. जेवढं झालं तेवढंच मांडा, वकीलबाई, आणि हिशेब खरा ठेवा.