मागच्या सीटवरचे साहेब

फोनवर बोलत गाडी चालवणाऱ्यांना मी किती शिव्या घालतो, हे तुम्हाला माहीतच आहे. त्या दिवशी माझा फोन खिशात होता, तोही बंद. तरी ऐका काय झालं.

जळगावहून अमळनेरला घरी निघालो होतो. शेजारी आमच्या गल्लीतले नाना बसलेले. सकाळी ऑफिसात साहेब सगळ्यांसमोर म्हणाले होते, "जमत नसेल तर तसं सांगा." त्यावरचं एकेक उत्तर आता गाडीत सुचायला लागलं. नजर रस्त्यावर, पण मनात भांडण जोरात, ओठही पुटपुटत होते.

नानांनी विचारलं, "भाऊ, गाडीमा कितला जन शेतस?"

"दोघंच की, नाना."

"मंग तू भांडी कोनासंगे राह्यना? तो तिसरा कोन शे?"

मला हसू आलं आणि तेव्हा कुठे रस्ता दिसला. समोर पंक्चर झालेली कापसाची ट्रॉली उभी होती, मागे इशाऱ्यासाठी बाभळीची फांदी टाकलेली. करकचून ब्रेक दाबला. फांदी बंपरखाली गेली आणि गाडी ट्रॉलीपासून हातभर अंतरावर थांबली.

नाना शांतपणे उतरले, मागचं दार उघडलं आणि रिकाम्या सीटला म्हणाले, "उतर रे भो. याले घर जाऊ दे."

नानांचे उपकार, म्हणून आज तुमच्यासोबत हा चहा पितोय. आता रोज किल्ली फिरवण्याआधी मी मागचं दार उघडतो. बायकोला वाटतं, डबा ठेवतोय. मी साहेबांना उतरवत असतो.