औषधानं मरता कामा नये!

नाही, पण मी म्हणतो, मारायच्याच नव्हत्या तर माशा पाळल्या कशाला? तुम्हाला सांगतो, अकरा वर्षं प्रयोगशाळेत काढली, पण असलं कीटकनाशक पाहिलं नाही! कडुनिंबाचा अर्क, तो माशीच्या अळ्यांच्या खाण्यात कालवायचा, तोही थेंबभर, आणि वर मॅडम बजावणार, "हे बघा भाऊ, औषधानं मरता कामा नये!" अहो, मग ते औषध कसलं? तर म्हणे, मरायच्या आधी अळीची प्रतिकारशक्ती ढासळते का, ते बघायचंय. म्हणजे मी अळीला सुई टोचायची, पाण्यासारखं रक्त तिचं, त्याचा थेंब काचेवर घ्यायचा आणि मायक्रोस्कोपखाली एकेक पेशी मोजायची. पेशी कमी, तर शक्ती कमी. आता टोचल्यावर ती बिचारी जातेच! ते चालतं. पण औषधानं मरता कामा नये!

बरं, डबे दोन. एक औषधाचा, एक साधा, तुलनेला. आणि तीन महिन्यांनी बघतो तर काय, साध्या डब्यातही पेशी कमी! मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला, "भाऊ, मोजताना डुलकी लागते का हो?" डुलकी? मला? इथं डोळ्यांच्या खाचा व्हायची वेळ आली! अकरा वर्षांत माझ्या मोजणीवर कोणी बोट ठेवलं नव्हतं. लागलं हो मनाला, जेवण गेलं नाही त्या दिवशी. पुन्हा मोजलं, तिसऱ्यांदा मोजलं... आकडा तोच!

शेवटी मॅडम स्टूल ओढून शेजारी बसल्या, "करा, रोज करता तसंच करा." केलं. औषधाच्या डब्याला हातमोजे घातले, साध्या डब्याला काढले. तिथं कशाला भ्यायचं? तर मॅडम एकदम, "भाऊ, हाताला कसला वास येतोय?" आता काय सांगू! हाताला भेगा पडल्यात, आई रोज सकाळी मागे लागते, "लाव रे निंबाचं तेल, कामाला चाललास तरी लाव!" आणि त्याच हातांनी मी साध्या अळ्यांचं खाणं कालवत होतो! एका डब्याला मॅडमचा निंब, दुसऱ्याला आईचा! बरं, पटकन मेल्या असत्या तर तेव्हाच कळलं असतं की नाही? पण नाही... औषधानं मरता कामा नये!

मॅडमनी चष्मा पुन्हा नाकावर घेतला. मग म्हणाल्या, "भाऊ, मोजणी मात्र तुमची अचूक हो, मी तसं बोलायला नको होतं." भरून आलं मला! तेवढ्यात पुढचं वाक्य, "आता सगळं पहिल्यापासून करायचंय, आणि इतकं अचूक दुसऱ्या कोणाला जमणार?"

एकदा तरी चुकायला हवं होतं हो!