फोटोची जागा

फिकिर्ते: मोठ्यानं वाच. आईनं चष्मा आणला नाहीये.

सिसाय: वाचतोय ना, ताई. दगडावर आधी क्रूस. मग… ▢. मग न्गुल.

एतागेन्य: न्गुल कोण?

फिकिर्ते: तुझा मुलगा, आई. ग्वांगुल! याच्या मशीननं त्याचं पहिलं अक्षरच खाल्लं. अख्खा ‘ग्वा’.

सिसाय: ऐकून तर घ्या. नाव तुमच्या एदिर मंडळाच्या अध्यक्षांनी पाठवलं, मयताचं सगळं तेच बघतात म्हणून. फोनवर नीट होतं. मशीनमधला फॉन्ट जुना. आत प्रत्येक अक्षराला नंबर असतो, ‘ग्वा’चा नंबर याला ठाऊक नाही. ठाऊक नसलं की हे चौकट काढतं.

फिकिर्ते: आणि तू कोरलीस? ग्रॅनाइटमध्ये?

सिसाय: कोरण्याआधी अध्यक्षांना पडद्यावर दाखवलं होतं. म्हणाले, वा, फोटोची जागा सोडलीस.

फिकिर्ते: एवढीशी?

सिसाय: मलाही तेच वाटलं हो. नावाआधी फोटोच लावतात की आपल्याकडे. म्हटलं, पासपोर्टचा असेल.

फिकिर्ते: पासपोर्ट असता तर होडीतून कशाला गेला असता?

सिसाय: …चुकलो, ताई.

फिकिर्ते: उद्या चाळिसावा आहे. इंजेरा भाकरीचं पीठ आंबवून ठेवलंय, चर्चमध्ये सांगून झालंय. दगड आज उभा राहायला हवा.

सिसाय: राहील. मशीनचं सोडा, हातानं करतो. वडिलांची छिन्नी आहे अजून, ती एकच उरलीय. चौकटीच्या दोन रेघा भरून घ्यायच्या, एक बाजूला ओढायची. आपल्या लिपीतला ‘ग्वा’ होईल तिचा.

एतागेन्य: दगडाखाली काय ठेवणार?

फिकिर्ते: काही नाही, आई. ठरलंय ना आपलं.

एतागेन्य: मग दगड कशाला?

फिकिर्ते: समुद्रातून कुणी काढून दिलं नाही त्याला, म्हणून. आणि त्या पहाटे एदिरचे सगळे बातमी सांगायला आले, तेव्हा त्याचे कपडे अंगणात मांडून तूच रडलीस ना?

एतागेन्य: सांगितलं म्हणून रडले. त्यांना कुणी सांगितलं?

फिकिर्ते: बरोबरच्या पोरानं. येमेनहून फोन केला त्यानं. किती वेळा सांगू?

एतागेन्य: फोनवर नीट होतं, इथं येईपर्यंत भलतंच झालं. आत्ता हाच म्हणाला.

सिसाय: एमामा, ते अक्षराचं होतं…

एतागेन्य: ज्याचं नाव ठाऊक नाही, त्याची चौकट काढतं तुझं मशीन. असंच ना?

सिसाय: हो, पण…

एतागेन्य: मग बरोबर काढलीय. बुडाला तो हा. न्गुल. त्यालाही आई असेल कुठं तरी. तिच्या वतीनं उद्या जेवण घालू.

फिकिर्ते: आई, तो घरातून निघाल्यापासून वर्षभर मी दाराला कडी न लावता झोपतेय. तू लावू देत नाहीस म्हणून. कुत्री आत येतात. मला आता कडी लावायचीय.

एतागेन्य: तुझं लग्न कर. नवऱ्याच्या घरी लाव.

फिकिर्ते: त्याचं नाव घे. चाळीस दिवसांत एकदाही घेतलं नाहीस. घे, मी गप्प बसते.

एतागेन्य: ▢

फिकिर्ते: आई.

एतागेन्य: दगड आहे तसाच पाठव, बाळा. हात लावू नकोस त्याला.

(ती कामाच्या फळीपाशी जराशी थांबते. मग शाल सावरत बाहेर पडते.)

फिकिर्ते: गेली. चल, कोर पटकन.

सिसाय: ताई, त्या म्हणाल्या…

फिकिर्ते: माझा भाऊ होता तो. शिव्या मी खाईन. तू ‘ग्वा’ कोर.

सिसाय: कशानं कोरू? छिन्नी त्या घेऊन गेल्या.