समाधानी ग्राहकांचा पंप

संशोधन विभागातल्या साहेबांनो, पोरांना खोटं बोलायला तुम्हीच शिकवता. तुमच्या खिडकीपुढच्या रांगेत वर्कशॉपचा मिस्त्री उभा होता. त्याच्या पुढे इंजिनिअरिंगची मुलगी आणि प्रकल्पातला तिचा बिझनेस शिकणारा जोडीदार हुज्जत घालत होते. प्रकल्पाचा पंप मिस्त्रीनेच घडवलेला, म्हणून त्याने कान टवकारले.

"अगं, 'ग्राहक समाधानी' हा टप्पा आपण मार्चमध्येच पूर्ण दाखवलाय."

"पंप मे महिन्यात तयार झाला रे!"

"वेळापत्रक मंजूर आहे. उशीर पंपाने केला. मी तर चाळीस जणांची मतंही घेतली."

"पंप न दाखवता?"

"दाखवला असता तर समाधानी झाले असते का?"

"काल चाचणीत त्याचं झाकण उडालं. मी अहवालात लिहिणार."

"कुठे लिहिशील? फॉर्मात फुटण्याचा रकानाच नाही."

"मग खाली शेरा लिहीन."

"लिही की! शेरा दिसला की प्रकल्प पुन्हा पहिल्या पायरीवर, आणि तुझी पदवी लटकली."

"आणि लोकांनी तो घरी बसवला तर?"

"बाईसाहेब, तो पुढचा टप्पा. त्याला विस्तार म्हणतात."

तेवढ्यात खिडकीतून तुमच्यातलेच एक साहेब ओरडले, "पंप ठीक असल्याची मिस्त्रीची सही राहिलीय!"

मिस्त्री रांग मोडून खिडकीशी गेला.

"साहेब, उद्या हे झाकण कुणाच्या तोंडावर बसलं, तर त्याच्या घरी सांगायला तुम्ही जाल का? बोला, जाल?"